ब्लिंक-१८२: २००३ चा अल्बम ऐकला आणि डोकं चक्रावलं, हा तोच बँड आहे का?

रात्रपाळी_२३

मंडळी, पॉप पंकमध्ये मी अगदीच कच्चा लिंबू आहे त्यामुळे प्रश्न बाळबोध वाटला तर हसा पण उत्तर द्या. ब्लिंक-१८२ म्हटलं की मला आत्तापर्यंत दोनच गाणी माहीत, ऑल द स्मॉल थिंग्ज आणि व्हॉट्स माय एज अगेन, ते दुसरं म्हणजे ज्याच्या व्हिडिओत तिघं अंगावर कपडा न ठेवता रस्त्यावरून पळत सुटलेत ते. त्यामुळे डोक्यात पक्कं बसलेलं की वात्रट पोरं आहेत, तीन कॉर्ड, तीन मिनिटं, खेळ खलास. मजा येते, बास.

तर परवा रात्री काम करताना ऍपने आपलं आपणच पुढचं गाणं लावलं, आणि मला वाटलं दुसऱ्याच कोणाचं तरी आहे. संथ, अंधारं, इलेक्ट्रिक गिटारचा गोंगाट नाही, खाली जाडजूड लाकडी बेस आणि ड्रम्स तर कोणीतरी झाडूने अंगण झाडतंय असे. मोबाईल उचलून बघितला तर आय मिस यू, ब्लिंक-१८२, २००३. मग तो अख्खा अल्बम ऐकला (त्याला नावच नाहीये वाटतं?) आणि तेव्हापासून अडकलोय. १९९९ ते २००३ म्हणजे चारच वर्षं, एवढ्यात असं काय झालं? कोणी मुद्दाम ठरवून बदललं का आपोआप झालं? आणि पुढचे अल्बम कसे आहेत, कारण जिथे बघावं तिथे लोक एकमेकांच्या उरावर बसलेत.

ठेका_चुकला

ये बाबा बैस. या विषयावर मी घरच्यांचं डोकं खाऊन झालंय, आता तुझं खातो.

आधी थोडं मागे जाऊ. सॅन डिएगोजवळ पोवे नावाचं उपनगर आहे, तिथे १९९२ मध्ये टॉम डीलाँग (गिटार), मार्क हॉपस (बेस) आणि स्कॉट रेनर (ड्रम्स) यांनी बँड काढला. नाव नुसतं ब्लिंक होतं, आयर्लंडमध्ये त्याच नावाचा बँड निघाला आणि त्यांनी हरकत घेतली म्हणून मागे १८२ चिकटवलं. त्या आकड्याचा अर्थ काय याची त्यांनी प्रत्येक मुलाखतीत वेगळी थाप मारली आहे, त्यामुळे तो शोधायच्या नादी लागू नको. १९९५ चा चेशायर कॅट आणि १९९७ चा डूड रँच ऐकलास तर कळेल की हा मुळात स्केट पंक आहे, म्हणजे सुसाट वेग, ड्रम्सवर एकच धावता ठेका आणि वर दोघं आळीपाळीने घसा ताणतायत. डॅमिट याच काळातलं, आणि त्यात मार्कचा आवाज अक्षरशः फाटलाय कारण गाणं त्याच्या पट्टीच्या वर गेलंय. मला तो फाटलेला आवाज फार आवडतो, पुढे तो तसा सापडत नाही.

आता माझा मुद्दा. सगळे म्हणतात टॉमने आवाज बदलला, पण खरा बदल १९९८ लाच झाला, जेव्हा दौऱ्याच्या मध्येच रेनरच्या जागी ट्रॅव्हिस बार्कर आला. तो तेव्हा अॅक्वाबॅट्स नावाच्या बँडमध्ये वाजवत होता. लहानपणी जॅझ शिकलेला, शाळेत मार्चिंग बँडच्या ड्रमलाइनमध्ये वाजवलेला, म्हणजे हात पंकचे नाहीतच. तू व्हॉट्स माय एज अगेन परत लाव आणि गिटारकडे, शब्दांकडे साफ दुर्लक्ष कर, फक्त कडव्यातले ड्रम्स ऐक. वर गिटारचा साधा सुटा सुटा रिफ चाललाय आणि खाली हा माणूस सरळ ठेका धरायचंच नाव घेत नाही, स्नेअर (कडक आवाजाचा छोटा ड्रम) आणि किक (पायाने वाजवायचा मोठा ड्रम) अशी मध्ये मध्ये पेरत जातो की गाणं पळतंय का डुलतंय ते कळत नाही. तुला जे वात्रट पोरांचं तीन कॉर्डचं गाणं वाटलं ना त्यात हे दडलेलं होतंच, वरचा सगळा पांचटपणा बाजूला केलास की दिसतं.

आणि आय मिस यूमध्ये झाडू मारल्यासारखं वाटलं तुला, ते बरोबर ओळखलंस, ते ब्रश आहेत. आणि तो लाकडी बेस म्हणजे डबल बेस, तो मार्क वाजवतोय.

जुनी_कॅसेट

ड्रमर लोकांना जगातल्या सगळ्या गोष्टी ड्रमरने केल्यात असं वाटतं, हे नवीन नाही 😄

जेरी फिन हे नाव कोणी घेणार आहे का नाही? ग्रीन डे बँडच्या डूकी अल्बमचं मिक्सिंग करणारा माणूस. एनिमा ऑफ द स्टेट (१९९९), टेक ऑफ युअर पँट्स अँड जॅकेट (२००१) आणि तो बिननावाचा २००३ चा, तिन्हींचा निर्माता हाच. एनिमामध्ये गिटारी कशा एकावर एक रचल्यात ते ऐक, भिंतीसारख्या सपाट आणि चकचकीत, कुठे खडा लागत नाही. पंकवाल्यांनी त्यावरून भरपूर नाकं मुरडली. पण गाडी धावली ती धावलीच, जगभरात दीड कोटीच्या वर प्रती खपल्या. आणि गंमत बघ, ऑल द स्मॉल थिंग्जच्या व्हिडिओत यांनी बॉय बँडची टर उडवली आणि त्याच व्हिडिओमुळे एमटीव्हीवर त्याच बॉय बँडच्या शेजारी जाऊन बसले.

२००१ ची गोष्ट तर अजून बोलकी आहे. अल्बम होत आला होता आणि मॅनेजर म्हणाला की सगळं चांगलंय पण यात उन्हाळ्यात गाडीच्या काचा खाली करून लावायचं गाणं नाही. दोघं चिडले, घरी गेले, आणि चिडून मार्कने द रॉक शो लिहिलं, टॉमने फर्स्ट डेट. दोन्ही सिंगल म्हणून आली आणि चालली. अल्बम बिलबोर्डवर थेट पहिल्या क्रमांकावर उतरला. म्हणजे २००१ लाच ते त्या साच्याला कंटाळले होते, फक्त साचा पैसे देत होता.

रात्रपाळी_२३

@जुनी_कॅसेट पण मग तुझा मुद्दा तुझ्यावरच उलटतो ना? एकच निर्माता असेल तर चकचकीतही त्यानेच केलं आणि अंधारंही त्यानेच केलं. मग बदल त्याच्यामुळे कसा?

जुनी_कॅसेट

च्यायला. बरोबर पकडलंस. माझं म्हणणं एवढंच की बदलायला निघालेल्या माणसांना अडवणारा निर्माता असता तर २००३ झालंच नसतं. फिन अडवणाऱ्यातला नव्हता. २००८ मध्ये ३९ व्या वर्षी गेला बिचारा, आणि त्यानंतरचा ब्लिंक कधीच तसा वाजला नाही, हे माझं मत मी मागे घेणार नाही.

सहावी_तार

दोघांनीही मधली पायरी गाळली. बॉक्स कार रेसर, २००२.

टॉमला पाठीचं दुखणं लागलं होतं, मणक्याची चकती सरकलेली, आणि मनात जड, काळपट गाणी यायला लागली. फुगाझी, रिफ्यूज्ड असले बँड डोक्यात. ब्लिंकमध्ये हे बसणार नाही म्हणून त्याने बाजूला एक प्रयोग काढला, गिटारला मित्र डेव्हिड केनेडी घेतला आणि ड्रम्सला भाड्याचा माणूस नको म्हणून ट्रॅव्हिसला बोलावलं. आता तिघांच्या बँडमधले दोघं एकत्र गेले की तिसऱ्याला काय वाटणार? मार्कला ते लागलं, खोल लागलं, पुढे तिघांनीही मुलाखतींमध्ये ते कबूल केलंय. त्यातल्या एका गाण्यात मार्क गायलाय, पण तेवढ्याने ते दुखणं गेलं नाही.

पण २००३ चा अल्बम त्या भांडणातूनच निघाला असं मला वाटतं. म्हणजे जे टॉम बाहेर करत होता ते सगळं घरात आणायचं ठरलं. सॅन डिएगोच्या बाजूला एक मोठं घर भाड्याने घेतलं, त्यात सगळा सरंजाम मांडला आणि घाई न करता बसले. त्याआधी यांचे अल्बम झटपट व्हायचे. इथे फीलिंग धिसच्या सुरवातीला ड्रम्स असे भोवऱ्यात फिरल्यासारखे ऐकू येतात (फ्लँजर), ऑलवेजमध्ये ऐंशीच्या दशकातला सिंथ, एका गाण्याआधी मार्कच्या आजोबांनी युद्धातून आजीला लिहिलेली पत्रं वाचलीत, आणि ऑल ऑफ धिसमध्ये तर खुद्द क्युअर या जुन्या इंग्लिश बँडचा रॉबर्ट स्मिथ गायलाय. टॉम-मार्क लहानपणापासून क्युअरचे भक्त, म्हणजे तुला जे परकं वाटलं ते त्यांच्या पोटात आधीपासून होतं.

गिटारवाला म्हणून एक सांगतो. एनिमाच्या काळापासून टॉमकडे जी स्ट्रॅट (फेंडरची गिटार) होती तिच्यावर एकच जाड पिकअप आणि एकच नॉब, आवाज कमी-जास्त करायचा. टोन नाही, पिकअप बदलायचा खटका नाही. म्हणजे वाजवायचं तर जोरात, नाहीतर नाही. असल्या गिटारवर तुम्ही पॉवर कॉर्ड आणि पाम म्यूटच (तारांवर तळहात टेकवून दाबलेला आवाज) करणार, दुसरं काय करणार? नंतर तो अर्धपोकळ बॉडीच्या गिब्सनकडे वळला, डिले पेडलं (आवाजाचा प्रतिध्वनी काढणारी) आली आणि बोटं मोकळी झाली. हात बदलायच्या आधी लाकूड बदललं, हा माझा सिद्धांत.

(कॉलेजात आमच्या बँडने आय मिस यू बसवायला घेतलं होतं. आम्हाला वाटलं किती सोपं, चार कॉर्ड आहेत. ब्रश नव्हते म्हणून आमच्या ड्रमरने स्नेअरवर रुमाल टाकला आणि काड्यांनी वाजवायला लागला. पहिल्या कडव्याला बरं वाटलं. दुसऱ्या कडव्यापर्यंत रुमाल सरकत सरकत खाली पडला आणि एकदम फटाका फुटल्यासारखा स्नेअर वाजला, गाणारा पोरगा दचकून शब्दच विसरला. त्या दिवशी कळलं की हे गाणं आवाज न करण्यावर उभं आहे आणि आम्हाला तेच येत नव्हतं.)

टोमणा_मास्टर

टॉम त्या गाण्यात इंग्रजी गातो का अजून कुठली भाषा हे कोणीतरी सांगा. स्वर कुठून निघतो आणि कुठे जातो, मधल्या मध्ये दोन अक्षरं जास्तीची तयार होतात.

सहावी_तार

@टोमणा_मास्टर दक्षिण कॅलिफोर्निया अधिक नाक. त्यावर जगभर विनोद होऊन गेलेत, तू वीस वर्षं उशिरा आलास.

ठेका_चुकला

बॉक्स कार रेसरचं मान्य. पण तिथे ड्रम्सला कोण होता ते तूच लिहिलंयस, मी काही बोलत नाही.

बरं पुढचं सांगतो कारण मूळ प्रश्न तिथेही आहे. माझं एक निरीक्षण आहे, पटलं तर घ्या. ब्लिंकचा कुठलाही अल्बम ऐकताना आधी विचारायचं, हे तिघं तेव्हा एका छताखाली होते का? २००३ ला होते, भांडत का होईना पण होते. फेब्रुवारी २००५ ला फुटले, दौरे किती करायचे आणि घरी किती राहायचं यावरून. टॉमने एंजल्स अँड एअरवेव्ह्ज काढला, मार्क आणि ट्रॅव्हिसने प्लस फॉर्टी-फोर. हे दोन्ही २००६ चे अल्बम एकापाठोपाठ ऐक म्हणजे ब्लिंकची बेरीज कशी होती ते वजाबाकीने कळतं. एकीकडे नुसतं आकाश, लांबलचक डिले, दुसरीकडे नुसती जमीन आणि कडवटपणा.

मग सप्टेंबर २००८ ला ट्रॅव्हिसच्या विमानाला अपघात झाला. चार जण गेले, त्याचं अंग ६५ टक्के भाजलं, त्याच्याबरोबर वाचलेला मित्र डीजे एएम पुढच्या वर्षी गेला. त्या अपघाताने तिघं परत बोलायला लागले आणि फेब्रुवारी २००९ ला ग्रॅमीच्या मंचावर एकत्र आल्याचं जाहीर केलं. पण २०११ चा नेबरहूड्स कसा झाला? टॉम आपल्या सॅन डिएगोच्या स्टुडिओत, बाकी दोघं लॉस एंजेलिसमध्ये, आणि फायली इकडून तिकडे. ते ऐकू येतं रे. घोस्ट ऑन द डान्सफ्लोअर सुंदर आहे, पण ते टॉमचं गाणं आहे. हार्ट्स ऑल गॉन मार्कचं आहे. एकमेकांच्या वाक्यात तोंड घालणं जे यांचं वैशिष्ट्य, ते आफ्टर मिडनाइटसारख्या दोनचार ठिकाणीच सापडतं.

चौथा_माणूस

इतका वेळ गप्प बसलो होतो. २०१५ ते २०२२ या सात वर्षांचं कोणी नावच घेत नाहीये बघून आता लिहितोच.

मॅट स्किबा. अल्कलाइन ट्रिओ बँडचा. टॉम २०१५ च्या सुरवातीला बाहेर पडला (का काढला, का सोडला, जो तो आपापलं सांगतो), स्किबा आला आणि २०१६ चा कॅलिफोर्निया पहिल्या क्रमांकावर गेला, अल्बमच्या वर्गात यांना पहिलं ग्रॅमी नामांकन त्याच्यावर मिळालं. बोअर्ड टू डेथ मला डॅमिटच्या पंगतीला बसवावंसं वाटतं. तरी लोक म्हणणार हा ब्लिंक नाही. अरे मग टॉम असताना २००३ ला तुम्हीच म्हणत होतात ना की हा ब्लिंक नाही?

एका छताखालचा सिद्धांत ऐकायला छान आहे पण कॅलिफोर्निया तर तिघं एका खोलीत बसून लिहिलाय, जॉन फेल्डमनबरोबर. आणि तरी मला विचाराल तर त्यात खोट आहे. प्रत्येक गाण्यात ना-ना-ना आणि ओ-ओ-ओ भरलंय, जणू दहा हजार लोक आधीच समोर उभे आहेत असं धरून गाणं लिहिलंय. खोली एकच होती पण कान बाहेर होते. २०१९ चा नाइन त्याउलट, बऱ्याच बाहेरच्या लोकांचा हात लागलेला, संगणकी ठोके, आणि तरी मला तो जास्त खरा वाटतो. स्किबाचा मूळचा काळोख तिथे थोडा तरी बाहेर येतो. शिव्या घालायच्या तर घाला.

ठेका_चुकला

शिव्या नाही घालत. खोली एकच पण कान बाहेर, हे मला आवडलं, माझ्या सिद्धांताला भोक पडलं तरी. नाइनबद्दल मात्र नाही पटलं. ट्रॅव्हिससारखा ड्रमर घरात असताना मशीनचे ठोके कशाला ऐकायचे मी?

जुनी_कॅसेट

२०२३ चा वन मोर टाइम राहिला. मार्कला चौथ्या टप्प्यातला लिम्फोमा झाला, २०२१ मध्ये ते बाहेर आलं, त्याच वर्षी तो त्यातून बराही झाला. आजारपणात तिघं समोरासमोर बसले आणि ऑक्टोबर २०२२ ला टॉम परत आल्याची घोषणा झाली. अल्बमचा निर्माता ट्रॅव्हिस स्वतः (आता ठेका_चुकला नाचेल). शीर्षकाचं गाणं याच गोष्टीवर आहे, की आजार आणि अपघात झाल्याशिवाय आपण एकत्र का येत नाही. साधं अकूस्टिक गाणं, पाठोपाठ तिघांचे आवाज. मी काही हळवा माणूस नाही पण पहिल्यांदा ऐकलं तेव्हा चहा गार झाला.

बाकी अल्बम म्हणशील तर सतरा गाणी जरा जास्त होतात. आणि मिक्स इतका दाबून भरलाय की ड्रम्सना श्वास घ्यायला जागा नाही. ड्रमरच निर्माता असताना हे व्हावं!

ठेका_चुकला

नाचणार होतो पण शेवटचं वाक्य खरं आहे. स्नेअर सगळीकडे एकाच उंचीवर.

सहावी_तार

@रात्रपाळी_२३ तुला कुठून ऐकावं ते कोणीच सांगितलं नाही. क्रमाने जाऊ नको, कंटाळशील. अँथम नावाची तीन गाणी आहेत, एनिमाचं शेवटचं, २००१ च्या अल्बमचं पहिलं, आणि २०२३ च्या अल्बमचं पहिलं. ती तीन लागोपाठ लाव. पहिल्यात आईबापाच्या घरातून पळायची घाई असलेला पोरगा आहे, तिसऱ्यात तो पन्नाशीला टेकलाय. मधल्या चोवीस वर्षांत काय झालं ते वर आम्ही लिहिलंच आहे.

आणि डॉग्ज ईटिंग डॉग्ज नावाची पाच गाण्यांची ईपी आहे, २०१२ च्या डिसेंबरमधली, कंपनी सोडून स्वतःच्या जिवावर काढलेली. ती बहुतेक जण विसरतात. २००३ चा अल्बम आवडलेल्या माणसाला ती आवडतेच.

रात्रपाळी_२३

बाप रे, एवढं येईल असं वाटलं नव्हतं. सगळ्यांचे आभार.

काल रात्री गृहपाठ केला. तिन्ही अँथम ऐकली. दुसऱ्याच्या सुरवातीची गिटार ऐकून खुर्चीतून उठलो, हे सिंगल का नव्हतं कोणास ठाऊक. मग व्हॉट्स माय एज अगेन फक्त ड्रम्सकडे लक्ष देऊन ऐकलं. @ठेका_चुकला, तू माझं वाटोळं केलंस, आता मला त्या गाण्यात दुसरं काही ऐकूच येत नाहीये, आणि आज मीटिंगमध्ये टेबलावर बोटांनी तेच वाजवत होतो तर शेजारच्याने हात धरला.

@चौथा_माणूस बोअर्ड टू डेथ आवडलं. ना-ना-नाचं मात्र तुझं खरं आहे, तिसऱ्या गाण्यापर्यंत मी मोजायला लागलो होतो. ईपी आज रात्री. प्लस फॉर्टी-फोर आणि एंजल्स अँड एअरवेव्ह्जपैकी आधी कुठला लावू, वजाबाकी करायची तर?

ठेका_चुकला

आधी प्लस फॉर्टी-फोर. ट्रॅव्हिस तिकडे आहे.

सहावी_तार

हा सुधारणार नाही.